नाना उभे राहिले की

धुळ्याच्या आठवडी बाजारात आमचे नाना मोकळी जागा शोधून नुसते उभे राहत. नजर समोरच्या मातीवर. तिथे काहीही नसे.

मी मास्तर होतो त्याच शाळेत नाना भूगोल शिकवत. एरवी त्यांचा पाय एका जागी ठरत नसे. शिकवताना ते वर्गभर फिरत, जेवताना दोनदा उठत. बाजारात मात्र खांब! थोड्या वेळाने एखादी मिरचीवाली थांबे.

"नाना, काय दखी ऱ्हायनात?"

"काही नही."

मग तीही बघू लागे. तिच्यामागे दोघे, मग वीस. "साप शे!" "साप नही, मोहर शे!" गर्दी दाटली की नाना हळूच बाहेर सटकत आणि मला बाहीला धरून लांब नेत.

"बघा मास्तर! आरंभी विश्वात वायू असाच सगळीकडे सारखा पसरलेला होता. एका जागी जरासा दाट झाला, की तो शेजारचा ओढतो. ओढला की आणखी दाट, आणखी ओढ! भोवतालचं विरळ होत जातं. आकाशगंगा अशाच झाल्या. जरासं दाट, बस्स!"

"पण पहिल्यांदा ते दाट केलं कोणी?"

"ते पुस्तकात नाही," म्हणून नाना चिडून चालू लागत.

पुढे पटकीची साथ आली आणि माझी बायको एका दिवसात गेली. सकाळी सगळ्या गल्लीची दारं बंद. खांद्याला चार माणसं हवीत, आणि मी एकटा. हाक मारली की आतून कडी लागे.

तेवढ्यात नाना आले. सरळ माझ्या अंगणात उभे राहिले.

समोरच्या शिंपीआबांनी दार किलकिलं केलं. "निंघी जा, नाना! साथ शे ना!"

नाना हलले नाहीत. ऊन पायरीवर चढलं. शेवटी आबाच वहाणा घालून आले आणि चार हात अंतरावर उभे राहिले. मग त्यांचा भाऊ आला. मग शेजारचे दोघे. दुपारच्या आत अंगण भरलं.

पांझरा नदीवर अग्नी देऊन परतताना मी उपकार मानू लागलो. नाना रस्त्यात थांबले.

"आमची ही गेली तेव्हा मी घरातच बसून राहिलो, मास्तर. कोणी येईल म्हणून. शेवटी तिला न्यायला बैलगाडी बघायला गेलो. तेवढा वेळ ती घरात एकटी होती."