सरळ केलेल्या छात्या

जिथे शिस्त असते तिथे प्रत्येक गोष्ट जागच्या जागी असते. नसते तिथे ती जागेवर आणावी लागते.

आमच्या रुग्णालयाच्या एक्स-रे विभागात हे आणण्याचं काम सव्वीस वर्षं मी केलं. नियम साधा. हृदय डावीकडे असतं. फिल्मवर ते उजवीकडे दिसलं, तर फिल्म उलटी झाली असं समजून ती पालटायची, कोपऱ्यात ‘डावी’ची चिठ्ठी लावायची आणि सही ठोकायची. (पेशंटला विचारायची तरतूद नव्हती. त्याला काय कळतंय!) एकूण छात्या एक्केचाळीस हजार; हृदय उजवीकडे : शून्य. या शून्याबद्दल मला प्रशस्तिपत्रक मिळालं. ते मी दिवाणखान्यात लावलं, जरा तिरकंच लागलं.

एका वार्षिक तपासणीत माझ्याच छातीचा फोटो उलटा आला. मदतनीस बाईंना मी फैलावर घेतलं, फिल्म पालटली, चिठ्ठी लावली.

बायकोचं लग्नापासून एकच तुणतुणं : “अहो, तुमची धडधड उजवीकडे ऐकू येते.” मी तिचे कान तपासून आणले. (कान उत्तम निघाले. मी डॉक्टर बदलला.)

मग गेल्या वर्षी पोटात डावीकडे, खाली, असं दुखायला लागलं की सरळ उभं राहवेना. सर्जन म्हणाले, “लक्षणं अपेंडिक्सची आहेत हो, पण ते असतं उजवीकडे. तुमचं सगळंच उलटं तर नाही ना?” त्यांनी माझी जुनी फिल्म मागवली. फिल्म चोख होती. हृदय डावीकडे, खाली माझी सही.

“मग गॅस असेल,” ते म्हणाले. कण्हत कण्हत मीही मान डोलावली. सहीबद्दल अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू?

तिसऱ्या दिवशी तापाने फणफणलो. बायकोने सर्जनचा हात धरून माझ्या छातीवर उजवीकडे ठेवला. “फिल्म राहू द्या हो. हे बघा आधी!”

अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं. ऑपरेशनच्या टेबलावर मी लहान पोरासारखा रडलो.

आता शून्याचा एक झाला आहे. दहा हजारांत एखादा असा निघतो म्हणे. म्हणजे मी सरळ केलेले आणखी तिघं तरी गावात निर्धास्त हिंडत असणार.

तुम्ही कधी आमच्याकडे फोटो काढला होता का? आठवत नसेल तर राहू द्या. एव्हाना तुमचा हात छातीवर गेलाच असेल.

डावीकडेच गेला ना? सव्वीस वर्षं मीही तिकडेच बघत होतो.