मृत्युंजय माशाचे उताणे पोहणे आणि तीर्थाचा तह

श्रीसिद्धेश्वर समर्थ. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, मार्गशीर्षमासी, लातूर शहरी एका दिवाणखान्यात जे रण माजले त्याची हकीकत कोणी लिहिली नाही, सबब लिहिणे प्राप्त जाहले.

भुसार बाजारीचे मातबर आडते गुरुपादप्पा लिंगैक्य होऊन सवा महिना लोटला. समुद्र शंभर कोस दूर आणि नळास पाणी आठ दिवसांनी, तरी त्यांनी हौसेने काचेच्या टाकीत खारा दर्या वसविला होता आणि त्यात मृत्युंजय नामे नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचा मासा सरदारकीस बसविला होता. तो मृत्युंजय एकाएकी उताणा पोहू लागला, मग कुशीवर गरगरला, आणि मग कोपऱ्यात टाळके खाली करून उभा राहिला. नांदेडाहून आलेल्या कन्या सुकन्याबाई वडील गेले तेव्हा रडल्या नव्हत्या. मासा पाहून मात्र त्यांचे काळीज हलले. वडिलांनी हाताने जपलेले जिवंत असे तेवढेच उरले होते.

मग टाकीत कोणी काही घालते की काय म्हणून सुकन्याबाईंनी टेहळणी बसविली. तिसरे दिवशी प्रातःकाळी आत्या नागम्माबाईसाहेब लिंगपूजा आटोपून, विभूती कालवलेल्या तीर्थाची वाटी घेऊन चोरपावली आल्या आणि वाटी दर्यात रिती केली. गनीम घरातलाच निघाला.

"आत्या, हे काय?"

"तीर्थ हाय, इख न्हाई. चाळीस वर्षं अण्णाला दिल्याबिगर म्या चहा घेतला न्हाई. आता कुणाला देऊ? तू लई शिकलेली, हातच म्होरं करत न्हाईस. ह्यो तरी तोंड उघडतो!"



मग सुकन्याबाईंनी टाकीखालच्या मिठाच्या बादलीचे झाकण काढिले तो आतल्या बाजूस गुरुपादप्पांच्या हातचे फर्मान: पाणी बिघडल्यास रोज चौथाई बदलणे, मीठ मापून घालणे, घाई न करणे. त्याबरहुकूम फिल्टरच्या पाण्याचे जार कुमकेस आले, आणि आत्या उपसत गेल्या, आणि भाची मीठ विरघळवीत गेली, आणि ऐसे तीन दिवस मोर्चे चालले. चौथे दिवशी मृत्युंजय सरळ जाहले आणि वडिलांच्या रिकाम्या खुर्चीसमोर काचेशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागले.

मग तह ठरला, की दर्यात विभूती जाऊ नये आणि वाटी माघारी फिरू नये. सुकन्याबाई खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी उजवा हात पुढे केला.

"सांडू नको गं," आत्या म्हणाल्या.

सांडले नाही. तीर्थ खारट लागले. मग आत्यांनी चहा घेतला. मिती मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, फत्ते जाहली ती येथे नमूद केली असे.