मुकादमाला कारणे दाखवा नोटीस

ज्या संस्थेचं काम सुरळीत चाललेलं असतं, तिथे एक तरी जण काहीच करत नसतो. तो कोण, हे कळेपर्यंत संस्था टिकते. कळलं की सुधारणा सुरू होते.

दाखले कार्यालयात सुधारणा सुरू झाली तेव्हा तिथली पद्धत अशी होती : अर्ज खिडकीवर, दाखला मेलवर, तक्रार मेलवर. कागदी दाखला बंद होऊन दोन वर्षं झाली होती. (कागद वाचला. वाचलेल्या कागदावर त्याचा अहवाल छापण्यात आला.)

तिसऱ्या मजल्यावर, पाण्याच्या कूलरशेजारी, पूर्वी स्टेशनरी ठेवत त्या खोलीत मेलचा सर्व्हर होता आणि त्याला सांभाळणारा एक गृहस्थ होता. नऊ वर्षं होता. सगळे त्याला डाकवाला म्हणत. सर्व्हरला गारवा लागतो म्हणून तो बारा महिने स्वेटर घालून बसे. कूलर बिघडला की लोक पाण्याच्या बाटल्या त्याच्या खोलीत आणून ठेवत. त्याच्या खात्याचा लोकांना डोळ्यांनी दिसलेला फायदा तेवढाच.

आता मुकादमाविषयी.

मेलची व्यवस्था म्हणजे एक प्रोग्राम नव्हे, टोळी असते. एक जण दारावर उभा राहून आलेली पत्रं घेतो. एक ती निवडतो. एक आतल्या आत वाटतो, एक बाहेरगावी पोचवतो, एक परत आलेल्यांवर शेरा मारतो. या सगळ्यांच्या मागे, पडद्याआड, आणखी एक असतो. तो पत्राला हात लावत नाही. दारावर गर्दी झाली की अजून दोघांना उठवतो, गर्दी ओसरली की त्यांना घरी धाडतो, एखादा कामातच कोसळला तर त्याच्या जागी दुसरा उभा करतो. उरलेला वेळ बसून असतो. पुस्तकात त्याला भारदस्त नाव होतं. डाकवाला त्याला मुकादम म्हणे.

(असाच एक जण दुसऱ्या मजल्यावर, गालिचा असलेल्या खोलीत बसत असे. हे साम्य तोवर कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.)

नव्याने आलेल्या कार्यक्षमता मॅडमनी सुधारणेचा पहिला टप्पा यंत्रांपासून सुरू केला, कारण यंत्रांना संघटना नसते. कोण यंत्राची किती ताकद वापरतो, म्हणजेच किती राबतो, हे महिनाभर मोजण्यात आलं. निष्कर्ष असे :

दारावरचा — ३१.४ टक्के
बाहेरगावचा — २६.९
निवडणारा — १८.२
वाटणारा — ११.०
शेरेवाला — ९.५ (परत येणाऱ्या पत्रांचं प्रमाण पाहता समाधानकारक)
मुकादम — ०.०

नुसतं शून्य असतं तर मॅडमनी कदाचित सोडून दिलं असतं. पण दशांश चिन्हापुढचं शून्य त्यांच्या डोळ्यांत खुपलं. त्यात एक प्रकारचा आगाऊपणा होता.

*

विषय : काहीही न केल्याबाबत.

आपण मागील चारशे बारा दिवस सलग, रजा न घेता, कामावर हजर आहात. या काळात आपण एकाही पत्रास हात लावल्याचे आढळून येत नाही. तरी आपल्यावर कारवाई का करू नये, याचा लेखी खुलासा सात दिवसांत सादर करावा. खुलासा न आल्यास आपले काही म्हणणे नाही असे समजण्यात येईल.

*

नोटीस मेलने गेली. दारावरच्याने ती घेतली, निवडणाऱ्याने निवडली, मुकादमाने वाटणाऱ्याला उठवलं आणि वाटणाऱ्याने ती, मुकादमाच्या नावाने येणारं सगळं जिथे टाकायचं तिथे, म्हणजे डाकवाल्याच्या पेटीत टाकली. नोटीस बजावण्याच्या कामी ज्याच्यावर नोटीस होती त्याचंच मोलाचं सहकार्य लाभलं, अशी उदाहरणं प्रशासनात विरळ.

डाकवाल्याने ती वाचली. बाई वाटतात तशा नाहीत, गमतीच्या दिसतात, असं त्याच्या मनात आलं. तो पोटभर हसला आणि त्याने नोटीस काढून टाकली.

या कथेतली चूक एवढीच. बाकी सगळं नियमाप्रमाणे झालं.

आठव्या दिवशी, सोमवारी, मॅडम स्वतः तिसऱ्या मजल्यावर आल्या. हातात निलंबनाचा आदेश होता. (कलम चार : निलंबनकाळात मुख्यालय सोडू नये.)

"मॅडम, तो बसला तर सगळे बसतील," डाकवाला म्हणाला.

"बाकीच्यांचे आकडे चांगले आहेत."

"चांगले आहेत कारण तो त्यांना उठवतो."

"म्हणजे ते आपणहून उठत नाहीत? मग त्यांचाही विचार करावा लागेल."

डाकवाल्याने आवरतं घेतलं. टोळीच्या पोटावर पाय यायला नको.

"हरकत असेल तर लेखी कळवा," मॅडम जाता जाता म्हणाल्या. "मेलवर."

अकरा चाळीसला त्याने मुकादमाला थांबवलं. अकरा बेचाळीसला हरकत लिहून पाठवली. ती रांगेत पडून राहिली.

*

निलंबनाचे परिणाम (सोमवार ते गुरुवार) :

आलेल्या तक्रारी, त्याआधीच्या आठवड्यात : ८४६.
आलेल्या तक्रारी, निलंबनापासून : ०.

दाखला मिळाला नाही म्हणून खिडकीवर आलेले : ३१२. मेलवर कळवा असं सांगून परत पाठवलेले : ३१२.

बुधवारी साहेबांना, म्हणजे गालिच्यावाल्या खोलीतल्या मुख्य अधिकाऱ्यांना, वरून फोन आला. संबंध खात्यात एवढं समाधान कुठे आढळलेलं नाही, सोमवारी आम्ही पाहायला येतो. साहेबांनी मॅडमना बोलावून शाबासकी दिली. मॅडमनी दुसऱ्या टप्प्याची तयारी हाती घेतली.

रांगेत अडकलेले दाखले : २,११४.

त्यातला सदतिसावा डाकवाल्याच्या बायकोचा होता.

ती सहा तासांवरच्या गावात शाळेत शिकवत होती. सहा वर्षं. लग्नाला अकरा झाली होती. नवराबायकोला एका गावात आणण्याची एक योजना असते. तिच्यात ती दोनदा बसता बसता राहिली होती. या वेळी सगळं जुळलं होतं. फक्त 'हरकत नाही' असा एक दाखला, या कार्यालयाच्या मेलवरून, शुक्रवारी पाचच्या आत तिच्या शिक्षण विभागात पोचायचा होता. नाही पोचला तर तीन वर्षांनी पुन्हा अर्ज. दाखला तयार झाला सोमवारी अकरा अडतीसला. टोळीला दोन मिनिटं कमी पडली.

गुरुवारी तिचा फोन आला.

"अहो, शिक्षण विभागाच्या साहेबांकडे अजून काही आलेलं नाही."

"निघालाय. रांगेत आहे."

"चार दिवस रांगेत? तुमच्याच खोलीत ना ती रांग?"

"हो. मला दिसतोय इथून. मुकादमाला निलंबित केलंय."

"तुमच्याकडे मुकादम कधीपासून आला?"

त्याने समजावून सांगितलं. ती वर्गात पोरांचं ऐकून घेते तसं तिने ऐकून घेतलं.

"म्हणजे तुम्ही एक ओळ टाइप केलीत की झालं."

"एकच."

"मग करा की."

"आदेश आहे ना. कामावरून काढतील. मग तू इथे येशील आणि मी कुठे जायचं?"

"नोटीस कोणाच्या पेटीत आली होती?"

"माझ्या."

"वाचलीत?"

"गंमत वाटली."

"सहा वर्षं मी इथे एकटीचा डबा भरतेय," ती म्हणाली, "मलाही गंमतच वाटते." आणि तिने फोन ठेवला.

*

पुनर्विचाराचा अर्ज (नमुना क्र. ७)

१. कोणाचा पुनर्विचार : मुकादम
२. अर्जदाराशी नाते : सांभाळणारा
३. तिन्ही समिती सदस्यांची संमती : फक्त मेलने मागवावी
४.

चौथा मुद्दा रिकामाच राहिला, कारण तिसऱ्यापुढे कोणी गेलेलं नव्हतं.

*

शुक्रवारी दुपारी चार वाजता डाकवाल्याने रद्दीतून एक पाठकोरा कागद काढला, मुकादमाचा खुलासा हाताने लिहिला आणि स्वेटर न काढताच तो दुसऱ्या मजल्यावर गेला. साहेबांनी कागद हातात धरला. दोन वर्षांत त्यांच्या हाती आलेला तो पहिला हस्तलिखित मजकूर. त्यांना तो आधी लग्नाची पत्रिका वाटला.

*मी पत्रास हात लावत नाही, हे खरे आहे. कोणाला कधी उठवायचे एवढेच पाहतो. कोणी कोसळला तर त्याच्या जागी दुसरा उभा करतो, कोसळलेल्याची चौकशी करत नाही. सगळे ठीक असते तेव्हा माझे काम दिसत नाही. बिघडते तेव्हा पहिले नाव माझे घेतले जाते. मला काम करताना कोणीही पाहिलेले नाही. पण मी उठून गेलो तर खालच्यांपैकी एकालाही कामाला लागायचे सुचणार नाही.*

साहेबांनी ते दोनदा वाचलं. मग उठून दार लावून घेतलं.

"हे कोणाविषयी लिहिलंय?"

"मुकादमाविषयी, साहेब."

"नक्की?"

"नक्की."

"आणि याचं किती आलं होतं म्हणालात, मोजणीत?"

"शून्य दशांश शून्य."

साहेबांनी गालिच्याकडे पाहिलं. "दुसऱ्या टप्प्यात माणसं मोजणार आहेत बाई," ते म्हणाले.

आदेश त्यांनी त्याच कागदावर, खुलाशाखालच्या जागेत लिहिला. मुकादमास सन्मानाने पुन्हा रुजू करून घ्यावे. देखरेखीचे काम मोजता येत नाही, सबब ते यापुढे यंत्रांत अगर माणसांत मोजू नये. खाली सही. सहीला चार दिवसांचा मोकळा वेळ मिळालेला होता. ती अतिशय सुंदर आली.

डाकवाला कागद घ्यायला पुढे झाला. साहेबांनी तो सोडला नाही.

"तक्रारींचं काय?"

"येतील, साहेब. बाहेर चार हजार तरी पत्रं ताटकळतायत."

"सोमवारी पाहणी आहे."

घड्याळात चार चाळीस झाले होते.

"त्याने सगळ्यांनाच उठवायला हवं असं आहे का?" साहेबांनी विचारलं.

डाकवाल्याला नाही म्हणता आलं असतं. नऊ वर्षांत त्याला कोणी इतक्या अदबीने काही विचारलं नव्हतं, हेही खरं.

"दारावरच्याला झोपू दिलं तरी बाकीचे चालतात," तो म्हणाला. "जाणारी जातात. येणारी येत नाहीत."

साहेबांनी कागद सोडला.

चार सत्तेचाळीसला डाकवाल्याने टाइप केलं. मुकादम उठला, त्याने टोळीतल्या चौघांना उठवलं आणि पाचव्याच्या अंगावरचं पांघरूण तसंच राहू दिलं. रांग हलली. चार एक्कावन्नला सदतिसावा दाखला बाहेर पडला. चार त्रेपन्नला फोन वाजला.

"आला," बायको म्हणाली. "एवढंच होतं?"

"एवढंच. दोन ओळी."

"एक म्हणाला होतात."

सर्व्हरचा आवाज फार आहे, नीट ऐकू येत नाही, असं त्याने सांगितलं.

पाहणी उत्तम झाली. महिन्याभराने बायको सामान घेऊन आली. आल्यावर दुसऱ्याच रविवारी, केर काढता काढता, ती म्हणाली, "सकाळपासून बघतेय, एका वस्तूला हात लावलेला नाहीत." तो म्हणाला, देखरेख चालू आहे. त्या घरात काम मोजायला बंदी नसल्याने केरसुणी लगेच त्याच्या हातात आली.

दारावरचा अजून झोपलेला आहे. त्याला उठवण्याचा आदेश कोणी काढलेला नाही आणि तो काढावा अशी कोणाची तक्रारही आलेली नाही.

राहता राहिली ती बाहेरची पत्रं. दारावर कोणी नसलं तर पत्र पाच दिवस खेटे घालतं आणि मग ज्याचं त्याला परत जातं, सोबत एक चिठ्ठी घेऊन. पत्र पोचलेलं नाही, असं तिच्यात स्वच्छ लिहिलेलं असतं. फक्त ते परक्या भाषेत, आकड्यांच्या गर्दीत, अकराव्या ओळीला असतं. तुम्हालाही ती आली होती. तुम्ही दोन ओळी पाहिल्यात, मशीनची काहीतरी कटकट म्हणालात आणि काढून टाकलीत. कार्यालयाकडून उत्तर आलं नाही याचं तुम्हाला विशेष वाटलं नाही. आलं असतं तर वाटलं असतं.

तेव्हा आपले काही म्हणणे नाही असे समजून आपली नोंद 'समाधानी' या रकान्यात करण्यात आली आहे. हरकत असल्यास लेखी कळवावी. मेलवर.