कनेक्टरला पोचलेला नैवेद्य

सांगायला संकोच वाटतो, पण आमच्या बालीत तुंपेक लांदेपचा सण माझ्याइतक्या नेमानं कोणी पाळत नसेल! हा धातूंचा सण. कोयत्यापासून स्कूटरपर्यंत सगळ्यांना नैवेद्य. यंदा मनात आलं, एक जण दरवर्षी उपाशीच राहतो! स्वयंपाकघराच्या वळचणीला, खांबावरची वायर घरात शिरते तिथला कनेक्टर. अख्ख्या घराचा भार वाहतो बिचारा!

तो बसवला माझ्या नवऱ्यानंच. केतुत वीज खात्यात वायरमन आहे. "तीस वर्षं बघायला नको," म्हणाला होता. आम्ही खरंच बघितलं नाही.

शिडी लावून मी झावळीची टोपली कनेक्टरला टेकवून टांगली. फुलं, तांदूळ, हळदीचा भात. उदबत्ती घ्यायला खाली उतरले, तोच टोपलीतून धूर!

आणि उदबत्ती तर माझ्या हातात. न पेटवलेली!

"सुकेर्तीताई," मी शेजारणीच्या कानात म्हटलं, "नैवेद्य पोचला बहुतेक. कुणाला सांगू नका हं."

तिनं कुणालाच सांगितलं नाही. फक्त सगळ्या आळीला!

घटकाभरात अंगणात ही जत्रा! जो तो आपलं यंत्र घेऊन हजर. नुसतं ठेवून भागेना, पावलेल्या विजेवर चालवून न्यायचं म्हणे! कुकर, इस्त्री, पाण्याचा पंप, देवळाचा भोंगा.

"माझा कुकर आधी!"

"तुझ्या कुकरला कशाला आशीर्वाद? भात तर नवरा शिजवतो!"

एकेक बटण दाबलं जाई, तसा धूर वाढे. धूर वाढला की भक्ती वाढे. भक्ती वाढली की आणखी एक इस्त्री!

तेवढ्यात मला कनेक्टर दिसला. लालबुंद! चुलीतल्या निखाऱ्यासारखा! आणि त्याच्या हातभर पलीकडे अंगणातल्या आमच्या देव्हाऱ्याचं ताडाच्या काथ्याचं नवंकोरं छप्पर. सासूबाईंनी आपली डुकरं विकून घातलेलं!

"बंद करा," मी म्हटलं.

आता माझं व्रत असं, की आवाज चढवायचा नाही. लग्नापासून पाळलंय. सासूबाईंना तर माझं एक अक्षर ऐकू येत नाही. "आई, जरा भाजी चिरता का?" म्हटलं की त्या शांतपणे सुपारी कातरत बसतात.

"बंद करा हो... बंद करा..."

"मंत्र सुरू झाला!" सुकेर्तीताई ओरडली. सगळे गुडघ्यांवर! फाटकातून केतुत आला. वायरमनच्या वर्दीत. धूर पाहिला आणि त्यानंही हात जोडले!

एक ठिणगी उडाली आणि छपरावर पडली.

"बंद कराऽऽऽ!"

हा आवाज माझा? कोंबडे उडाले. भोंगा त्यापुढे मुका वाटला. केतुतनं धावत जाऊन मेन स्विच पाडला, मी पवित्र पाण्याची घागर छपरावर रिकामी केली. छप्पर वाचलं.

कनेक्टरचा मात्र कोळसा झाला होता. "सैल असला की तापतो," केतुत पुटपुटला, "तापला की आणखी सैल होतो. त्यात तुम्ही एवढा भार टाकलात! तीस वर्षांचं आयुष्य एका दुपारी संपवलंत."

"सैल कुणी बसवला होता?" मी पुन्हा हळूच विचारलं.

तो बूट न्याहाळू लागला. सगळे मात्र माझ्याकडेच बघत होते. सासूबाईंनी कानांवरचे हात सावकाश काढले.

"एवढं ओरडायला काय झालं गं?" त्या म्हणाल्या. "मी काय बहिरी आहे?"