गाडीला नाडी नको

"अहो, गाडीला कोट शिवताय का?" बाईंनी खिडकीतून विचारलं.

मास्तर भर रस्त्यात गुडघे टेकून बसले होते. गळ्यातली टेप गाडीच्या मागच्या चाकावर धरून, कानावरची पेन्सिल काढून ते तळहातावर आकडा लिहीत होते. मास्तर म्हणजे टेलर मास्तर. आणि बाई म्हणजे त्यांची बायको, शाळेतल्या बाई. एका घरात मास्तर आणि बाई असले, तरी शाळा एकीचीच होती, आणि घरात तास कोण घेतं हे शेजाऱ्यांना चांगलं ठाऊक होतं.

गाडी महिन्यापूर्वी घेतलेली. जुनीच, पण लालभडक, दोन दारांची, मागे घसरत गेलेल्या छपराची. अशा गाडीला कूपे म्हणतात, हे मास्तरांनी आतापर्यंत प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगून झालं होतं. पस्तीस वर्षं दुसऱ्यांचे लग्नाचे सूट शिवून माणसाने स्वतःसाठी केलेली पहिली चैन होती ती, म्हणून कुणी काही बोलत नव्हतं.

"चार बोटं फट आहे गं!" मास्तर उठत म्हणाले. "चाक आणि मडगार्डच्या मध्ये चार बोटं! पोरगं उंच झालं आणि पँट तीच राहिली, की घोटे कसे दिसतात? तशी दिसते ही. मला बघवत नाही."

"मग बघू नका. आत बसलं की फट दिसत नाही," बाई म्हणाल्या आणि वह्या तपासायला निघून गेल्या.

पण मास्तरांना ते जमणारं नव्हतं. रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसाची एक बाही आखूड दिसली, तरी त्यांना दिवसभर चैन पडत नसे. दुसऱ्याच दिवशी त्यांनी गाडी गॅरेजात नेली.

मिस्त्रींनी गाडीखाली डोकं घातलं, बाहेर काढलं आणि हात पुसले. "दोन रस्ते आहेत, मास्तर. एक म्हणजे लोअरिंग स्प्रिंगा. तुमच्या स्प्रिंगा काढायच्या आणि आखूड बसवायच्या. गाडी दोन इंच खाली येते आणि तिथेच राहते. दुसरा, कॉइलओव्हर. यात स्प्रिंग आणि दणके झेलणारा शॉक एकत्रच येतात, वर आटे असतात. रिंग फिरवली की गाडी खाली, उलटी फिरवली की वर. मन बदललं तर..."

"नाडी!" मास्तर ओरडले.

"काय?"

"ही नाडी झाली, मिस्त्री! कधी ढिली, कधी घट्ट. ज्याला माप घेता येत नाही ना, तो नाडी घालतो. पस्तीस वर्षांत माझ्या दुकानातून नाडीची एक विजार बाहेर पडलेली नाही."

"नाडी वाईट नसते हो. जेवण झाल्यावर सोडता येते."

"गाडी जेवत नाही! तुम्ही आखूड स्प्रिंगाच घाला. माप मी घेतलंय, ते चुकणार नाही."

मिस्त्रींनी मान डोलावली, पण त्यांचं समाधान झालेलं दिसेना. "गाडीत बसणार किती जण?"

"मी आणि बाई. दोन दारं, दोन माणसं."

"नाही, म्हणजे कधी पाहुणेबिहुणे..."

"मिस्त्री," मास्तर मोठ्या प्रेमाने म्हणाले, "तुम्ही पान्याचं बघा, टेपचं मी बघतो."

दोन दिवसांनी गाडी घरी आली. फट बरोबर एक बोट. मास्तर तिच्याभोवती सात वेळा फिरले. आठव्या वेळी त्यांना डोळ्यांत पाणी आल्यासारखं वाटलं, पण ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

या सगळ्याला घाई होती, त्याचं कारण शनिवार. शनिवारी चार वाजता बाईंचा निवृत्तीचा समारंभ होता. आता इथे मास्तरांची बाजू लंगडी होती, ती सांगायलाच हवी. अठ्ठावीस वर्षांत बाईंच्या शाळेतल्या एकाही कार्यक्रमाला ते वेळेवर पोचले नव्हते. बाईंना उत्तम शिक्षिकेचं बक्षीस मिळालं, तेव्हा हे पोचले आणि शिपाई खुर्च्या गोळा करत होता. मास्तरांनी दोन खुर्च्या उचलायला मदत केली आणि परत आले. जेव्हा वेळेवर म्हणण्यासारखे पोचले, तेव्हा दहा मिनिटांत "गिऱ्हाईक थांबलंय" म्हणून सटकले. बाई कधी भांडल्या नाहीत. त्या फक्त "असू दे" म्हणत, आणि ते "असू दे" मास्तरांना टाचणीसारखं टोचत असे.

"या वेळी बघच," मास्तरांनी शुक्रवारी शब्द दिला. "चारला मी गाडी घेऊन गेटसमोर उभा. कार्यक्रम संपला की तुला राणीसारखी घरी आणतो."

"असू दे," बाई म्हणाल्या. "जमलं तर या."

शनिवारी बाई सकाळीच शाळेत गेल्या. मास्तरांनी दुकान बंद ठेवलं, नवा कोट घातला आणि तीनला दहा कमी असताना किल्ली उचलली. दारात आई नवी साडी नेसून काठी घेऊन तयार.

"मी पण येणार. माझ्या सुनेचा सत्कार, आणि मी घरी बसू?"

आईला नाही म्हणायची सोय नव्हती. आई वजनाने तशी हलकीच, म्हणून मास्तर निर्धास्त होते. एवढ्यात कोपऱ्यावरून मेहुणा आला. बाईंचा धाकटा भाऊ. दोन्ही हातांत एक भली मोठी मातीची कुंडी, आणि कुंडीत लिंबाचं झाड.

"ताईसाठी!" तो धापा टाकत म्हणाला. "निवृत्तीनंतर बाग करायची म्हणते ना. भाऊजी, मी तुमच्याबरोबरच येतो."

मास्तरांना मेहुण्याची सगळी मापं पाठ होती. कंबर सेहेचाळीस, छाती अठ्ठेचाळीस, मांडी सव्वीस. पण टेलरला इंच कळतात, किलो कळत नाहीत. मेहुण्याचं वजन किती, हे त्यांनी जन्मात कधी विचारलं नव्हतं. ते आज गाडीने विचारलं.

पुढची सीट वाकवून मेहुण्याला मागे घालायला अकरा मिनिटं लागली. आधी डोकं घातलं तर पाय बाहेर, आधी पाय घातले तर पोट बाहेर. शेवटी तो पाठमोरा आत गेला. त्याच्या मांडीवर कुंडी ठेवली. आई पुढे बसली. मास्तरांनी दार लावलं आणि सवयीने चाकाकडे बघितलं. मागच्या चाकाची फट नाहीशी झाली होती.

पहिल्याच वळणावर आवाज आला. चर्रर्र.

"कोण कापड फाडतंय रे?" आईने विचारलं.

"काही नाही आई, चाक जरा घासतंय."

"टाचून घ्यायचं ना मग."

शाळेपर्यंत चार गतिरोधक होते. मास्तर या रस्त्याने शेकडो वेळा गेले असतील, पण गतिरोधक मोजायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. पहिल्यावर चढताना गाडीच्या पोटातून असा काही आवाज निघाला, की त्यांनी घाबरून गाडी मागे घेतली.

"उतरा," ते म्हणाले.

"कोण?" मेहुणा.

"सगळे."

सगळे उतरले. गाडी सुखाने श्वास घेतल्यासारखी वर आली, रिकामी पलीकडे गेली, आणि मंडळी चालत पलीकडे जाऊन पुन्हा बसली. बसली म्हणजे आई बसली. मेहुण्याचं तेच, डोकं, पाय, पोट. त्याला ढकलायला एक दूधवाला आणि दोन वाटसरू धावून आले. त्यांतला एक मास्तरांचं जुनं गिऱ्हाईक निघाला.

"मास्तर," तो गाडीकडे बघत म्हणाला, "शिलाई छान आहे, पण बसल्यावर जरा तंग होते का?"

मास्तरांनी दार ओढून लावलं. हेच वाक्य ऐकायला लागू नये म्हणून तर त्यांनी पस्तीस वर्षं बोटं झिजवली होती.

दुसऱ्या गतिरोधकावर हाच प्रकार. तिसऱ्याला मेहुण्याने बंड केलं. "भाऊजी, मी चालत येतो. तुम्ही व्हा पुढे." तो कुंडी खांद्यावर घेऊन निघाला, आणि गाडीच्या आधी पुढच्या चौकात पोचलासुद्धा. लिंबाच्या सावलीत उभा राहून तो यांची वाट बघत होता. पण शाळेची कमान दिसायला लागली तेव्हा त्याचा विचार फिरला.

"ताईच्या शाळेसमोर मी हमालासारखा येऊ? मुळीच नाही. मी गाडीतूनच उतरणार."

तो पुन्हा आत गेला. चारला सहा कमी होते. आणि शाळेच्या अगदी गेटसमोर, पोरांच्या काळजीपोटी केलेला, सगळ्यांत उंच असा चौथा गतिरोधक होता.

"उतरा," मास्तर काकुळतीला येऊन म्हणाले.

"मी नाही," मेहुणा म्हणाला. "पोरं बघतायत."

"मी तर नाहीच," आई म्हणाली. "माझे गुडघे आता रविवारी उघडतील."

चारला तीन कमी. मास्तरांच्या डोळ्यांसमोर बाईंचं "असू दे" उभं राहिलं. त्यांनी दात आवळले आणि गाडी पुढे घातली. पुढची चाकं चढली, उतरली. मग खालून दगडावर सुरी घासल्यासारखा आवाज आला आणि गाडी गतिरोधकावर पोट टेकून बसली. ना पुढे, ना मागे. मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली आणि मडगार्डातून धूर निघाला.

मास्तर स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले. आई काठीवर हनुवटी ठेवून शांतपणे म्हणाली, "दुकानात तुझ्या वडिलांच्या हातची पाटी आहे. काय लिहिलंय त्यावर?"

मास्तरांनी उगाच पुन्हा किल्ली फिरवून बघितली.

"वाच की. पस्तीस वर्षं तिच्याखाली बसतोस."

"माप अंगावर घ्यावं, हँगरवर नको," मास्तर पुटपुटले.

"आणि तू रिकाम्या गाडीचं घेतलंस."

आत घंटा झाली. चार. पोरं गेटावर लोंबकळत होती, मुख्याध्यापक बाहेर आले होते, आणि त्यांच्यामागून हातात फुलं घेऊन बाई. त्यांनी गाडी बघितली, धूर बघितला, खिडकीतून बाहेर आलेली लिंबाची फांदी बघितली. मग मनगटावरचं घड्याळ बघितलं.

"चार," त्या म्हणाल्या. "बरोबर चार!"

आणि त्या इतक्या हसल्या, की हातातली फुलं खाली पडली. पोरांनी ती उचलून दिली.

मिस्त्रींना फोन केला. ते म्हणाले, सहाच्या आत येता येणार नाही. म्हणजे मास्तरांना दोन तास कुठे जाता येईना. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा ते पहिल्या रांगेत बसले, आणि सगळी भाषणं त्यांनी पहिल्या शब्दापासून ऐकली. एक बस चालवणारा माणूस उठला. म्हणाला, "मला भागाकार येत नव्हता. बाईंनी तीनदा शिकवला, नाही आला. चौथ्यांदा शिकवताना बाई म्हणाल्या, 'असू दे, मला काही घाई नाही.' मला त्या दिवशी भागाकार आला."

मास्तरांना भरून आलं. ज्या "असू दे"चा त्यांना इतकी वर्षं राग यायचा, त्यावर एक अख्खा माणूस उभा राहिला होता, आणि आपण ते ऐकायला कधी थांबलोच नाही, याची त्यांना मनापासून लाज वाटली. डोळे पुसायला रुमाल शोधला, तर गळ्यातली टेपच हाताला लागली. कोट नवा घातला होता, टेप काढायची राहिली होती.

बाईंचं भाषण सगळ्यांत छोटं झालं. "आज माझे यजमान वेळेवर आले," त्या म्हणाल्या, "आणि देवाच्या दयेने त्यांना लवकर जाताही येत नाहीये." सगळी शाळा हसली. मेहुणा सगळ्यांत मोठ्याने हसला.

सहाला मिस्त्री जॅक घेऊन आले. त्यांनी गाडीखाली बघितलं, मेहुण्याकडे बघितलं आणि मोठ्या मनाने काहीच बोलले नाहीत. बोलल्या त्या बाई.

"मिस्त्री, ती दुसरी वस्तू काय होती? नाडीवाली?"

"कॉइलओव्हर."

"त्याने गाडी वरही येते ना? पहिली होती त्याहून वर?"

"येते अर्धा इंच. पण बाई, लोक ते गाडी खाली घेण्यासाठी बसवतात हो. वर घेण्यासाठी आजवर कुणी मागितलेलं नाही."

"मग मी मागते. ही माझी निवृत्तीची भेट. चालेल ना हो?" त्यांनी मास्तरांना विचारलं.

"घाला नाडी," मास्तर म्हणाले.

पुढच्या आठवड्यात गॅरेजात माप घेताना मात्र त्यांनी कुणाचं ऐकलं नाही. आईला पुढे बसवलं, मेहुणा आणि बाईंना मागे, मेहुण्याच्या मांडीवर लिंबासकट कुंडी. स्वतःच्या जागी, वजन साधारण सारखं म्हणून, मिस्त्रींनाच बसवलं. आणि गॅरेजातल्या पोराच्या हाती पाना देऊन, स्वतः गुडघ्यांवर बसून ते रिंग फिरवून घेत राहिले. "अजून वर. थोडं अजून. थांब!"

भरल्या गाडीत फट बरोबर एक बोट आली. मास्तर गाडीभोवती सात वेळा फिरले. आतून आई ओरडली, "झालं का रे? पाय आखडले माझे!"

आता एकच अडचण राहिली आहे. सगळे उतरले, की गाडी चार बोटांऐवजी साडेचार बोटं उंच दिसते, घोटे उघडे टाकून उभी. तशी ती रस्त्यातून न्यायची मास्तरांना लाज वाटते. त्यामुळे दर रविवारी सकाळी मेहुण्याच्या घरी फोन वाजतो.

"आवर रे लवकर. भाजी आणायला जायचंय. आई आणि ताई केव्हाच बसल्यात गाडीत."

"भाजी आणायला मी कशाला, भाऊजी?"

"प्रश्न विचारू नकोस. तू नसलास की गाडी मापात बसत नाही."

मेहुणा कुरकुरतो, वजन कमी करायचा विचार यापुढे सोडून द्यावा लागणार असं बायकोला सांगतो, आणि चपला घालून निघतो.