विश्वासकाका आणि त्यांची कोत द्यू रोन

विश्वासकाकांना जेवायला बोलावलं की ते आधी फोन करून विचारतात, "रश्शात मिरची किती घालणार आहेस?" त्यांना पित्त नाही, मूळव्याध नाही, काही नाही. काका येताना आपली लाडकी फ्रेंच रेड वाईन घेऊन येतात आणि तिला तिखट सोसत नाही. लोक जेवणाला शोभेल अशी वाईन शोधतात. आमचे काका वाईनला शोभेल असं जेवण शोधतात, तेही दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात.

सनीव्हेलमध्ये ते आमच्या खालच्याच अपार्टमेंटमध्ये राहतात. उभा जन्म चिप डिझाइन करण्यात गेला. रिटायर झाल्यावर माणसं भजन धरतात नाहीतर शेअर बाजार. काकांनी कोत द्यू रोन धरली. तीन जातींच्या द्राक्षांची ही मिश्र वाईन.

"एकत्र कुटुंब आहे ते," काका सांगतात. "ग्रेनाश ही थोरली जाऊ, गोड बोलून सगळ्यांना धरून राहणारी. सिरा मधली, तिच्या जिभेवर मिरी. मूर्वेद्र धाकटी. बोलते कमी, पण घर तिच्यामुळे उभं आहे."

बाटली थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवायचीच, हा त्यांचा हट्ट. "रेड वाईन रूम टेंपरेचरला प्या म्हणतात, ती रूम फ्रान्समधली! कॅलिफोर्नियातली नव्हे." आमच्याकडे सत्यनारायणाला आले तेव्हा त्यांनी बाटली बाहेर जिन्यात ठेवली होती, आणि दर अध्यायाला उठून ती तापली नाही ना, हे बघून येत होते. प्रसादही त्यांनी वाईन पिऊन झाल्यावर, अगदी शेवटी घेतला. गोडावर ही आंबट लागते म्हणे. देवाला थांबवलं, पण वाईनला नाही.

मी कोल्हापूरची. मी एकदा हौसेनं तांबडा रस्सा केला. काकांनी भुरका मारला, वर वाईनचा घोट घेतला आणि डोळे मिटले.

"खून झाला," ते म्हणाले.

"कुणाचा?"

"थोरल्या जावेचा. नुसता जाळ उरला गं. तू भरलं वांगं कर, मुली. दाण्याचं कूट, खोबरं, बेताचा काळा मसाला. नाहीतर मिरी घालून सुकं मटण कर. मसुराची उसळसुद्धा चालेल. पण हे कॅन्सल कर!"

माझ्या आईचा रस्सा कॅन्सल! तरी तेही मी पोटात घातलं. मला राग यायचा तो वेगळ्याच गोष्टीचा.

गेल्या वर्षीच्या आजारपणात सुमनकाकूंना, म्हणजे काकांच्या बायकोला, वास येणं बंद झालं, ते परत सुरू झालंच नाही. वास गेला तशी चवही गेली. आख्ख्या मराठी मंडळाला पुरणपोळ्या खाऊ घालणारी ही बाई दोन घास चिवडून ताट सरकवायला लागली. कपडे अंगावर लोंबायला लागले, डॉक्टरांनी वजनावरून दम भरला. आणि तिच्याच शेजारी बसून हा गृहस्थ ग्लासात नाक खुपसून "अहाहा, जांभूळ! आता मिरी! आता ओली माती!" असं कीर्तन करायचा. उपाशी माणसासमोर मिटक्या माराव्यात तसं. मी एकदा तोंडावर म्हटलंसुद्धा, "काका, निदान काकूंसमोर तरी नको." काका नुसते हसले.

गेल्या महिन्यात काकांचा घसा बसला आणि डॉक्टरांनी त्यांचं बोलणं बंद केलं. अपार्टमेंटला सुट्टीच लागल्यासारखं झालं. त्या रविवारी काकूंनी मला जेवायला बोलावलं. भरली वांगी होती, भाकरी होती आणि अर्थात ती बाटली. काका मुकाट्यानं वाईन ओतत होते. मी म्हटलं, चला, आज तरी काकू शांतपणे जेवतील.

काकूंनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला.

"घ्या ना, काकू."

"काय घेऊ गं? आठवडाभर असंच चाललंय. हे बोलत नाहीत, तर मी काय खातेय तेच मला कळत नाही. भिंत चावल्यासारखं वाटतं. यांनी मिरी म्हटलं की मला मिरी आठवते. आठवली की घास उतरतो."

मी काकांकडे पाहिलं. त्यांनी आपला ग्लास माझ्यापुढे सरकवला आणि हात जोडले.

मला वाईनमधलं ओ की ठो कळत नाही. तरी नाक खुपसलं, घोट घेतला, वर वांग्याचा घास घेतला.

"काकू, जांभूळ आहे बरं का. आणि... नव्या कोल्हापुरी चपलेचा वास येतोय."

काकांनी जोरजोरात मान डोलावली.

"वांग्यात दाण्याचं कूट मस्त लागतंय. थोडा गूळ आहे. खोबरं मात्र जरा जास्त भाजलंय."

"करपलंय म्हण की सरळ!" काकू हसल्या. "मध्येच फोन आला होता मेला." आणि हसता हसता त्यांनी घास तोंडात टाकला. सावकाश चावला. मग दुसरा मोडला.

मी दम घ्यायला थांबले, तर काकांनी माझं मनगट धरलं. डॉक्टरांचा हुकूम मोडून, फाटक्या आवाजात ते म्हणाले,

"थांबू नकोस, मुली. जेवतेय ती."