टावर ऐकायलाय!

महत्त्वाचं बोलायचं असलं की सरूमावशी आधी आपला मोबाइल ज्वारीच्या डब्यात पुरून येतात. मग माझाही मागतात. "हळू बोला मॅडम, टावर ऐकायलाय!" आणि महत्त्वाचं म्हणजे काय, तर आमटीत मीठ कमी पडलं, हेसुद्धा.

मावशी पालमला माझ्या शेजारी राहतात. उमेदीची सगळी वर्षं ऊसतोडीत गेली. आता तोडणीला जाणाऱ्या बायांची संघटना चालवतात. पालीला, लिफ्टला, सहीला, सगळ्याला भितात. तरी देशोदेशीच्या राबणाऱ्या बायांच्या मेळाव्याला काठमांडूला जाऊन आल्या. तिथं त्यांना लिन भेटली. समुद्रापलीकडच्या देशातली, तीही उसात राबणारी, संघटना चालवणारी. देशाचं नाव मावशी मला लिहू देत नाहीत. एकमेकींची भाषा येईना, तर दोघींनी तळहातावरचे घट्टे दाखवून ओळख करून घेतली. लिनचे इंग्रजी मेसेज मी मराठीत वाचून दाखवायचे.

एका सकाळी तिचा मेसेज आला. 'दोन दिवस झाले, दारात एक गाडी उभी आहे. माझा फोन बंद झाला तर गप्प बसू नका.'

दुपारी फोन बंद झाला.

"निवेदन लिवा मॅडम," मावशी म्हणाल्या.

"कुणाला?"

"तहसीलदाराला. मला दुसरं हापिस कुठं म्हाईतंय?"

मी जिल्हा परिषदेची शिक्षिका. नोकरी सरकारी, तरी लिहिलं. कारकुनानं विचारलं, "ही बाई कुठली?"

"पलीकडची."

"गोदावरीच्या?"

"समुद्राच्या."

त्यानं चष्मा काढून आमच्याकडं पाहिलं. पण पोच घेतल्याशिवाय मावशी हलेनात. त्या कागदाचा फोटो काठमांडूत भेटलेल्या सगळ्या बायांना पाठवला. ज्या त्या बाईनं आपापल्या देशात तसाच कागद नेऊन दिला.

तिसऱ्या दिवशी साध्या कपड्यांतला एक पोलीस मावशींच्या दारात. "परदेशात कुणाशी बोलता?"

लिन कोण, मला ठाऊक नाही, असं मी सांगणारच होते. मावशींच्या हातात कपबशी खडखडत होती.

"मैतरीण हाय माजी. तुमी च्या घ्या. अन् सायेब, तुमची तिकडं वळख असंल तर बगा की, कुठं ठिवलंय तिला."

तो चहा पिऊन, आमची नावं लिहून गेला. पुढं कितीतरी दिवस मोटरसायकल वाजली की आम्ही दोघी दचकायचो.

लिन सुटली. कशानं सुटली, कोण जाणे. तिचा फोटो आला. एक डोळा सुजलेला, पण हसत होती.

मी विचारलं, "मावशी, एवढं भिता, मग पोलिसासमोर तोंड कसं उघडलं?"

मावशी आधी दोन्ही मोबाइल ज्वारीच्या डब्यात पुरून आल्या.

"तोडणीवर शेजारच्या पाचटाच्या कोपीत शांता हुती, राणीसावरगावची. एक दिवस मुकादम तिला वढून गाडीत घालाय लागला. ती माज्याकडं बगायली. मी भाकरी थापायलते, थापीतच राह्यले. ती पुना दिसली न्हाई."

मावशींनी पदरानं तोंड पुसलं.

"एक बी भाकर करपली न्हाई मॅडम त्या दिशी."